कापगतेबाईंचा राग

कापगतेबाई गेल्या त्या सकाळी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो आला. फोटोला हार, आणि खाली हिंदीत लिहिलेलं, ‘शांत, मृदुभाषी और मिलनसार’. मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी फोन पालथा घातला. रडू यायला हवं होतं, आला तो संताप. अकरा वर्षं मी त्या बाईंच्या शेजारी राहिलो; त्यांनी एक आठवडा शांततेत काढल्याचं मला आठवत नाही. ‘मृदुभाषी’ लिहिणाऱ्या गृहस्थांना त्यांनी माझ्यादेखत, भर रस्त्यात, ‘डोक्यात सिमेंट ओतून घेतलं का तुमी?’ असं विचारलेलं आहे. जिवंतपणी जिचं तोंड कुणाला बंद करता आलं नाही, तिला मेल्यावर तीन शब्दांत गप्प करून टाकलं.

त्या रागीट होत्या. तो राग कशाचा होता ते कुणीतरी सांगितलं पाहिजे. त्यातला एक वाटा माझ्या नावाचा होता, तेही सांगितलं पाहिजे.

बाई मूळच्या गोंदियाकडच्या. नवरा इथं स्टील प्लांटमध्ये लागला म्हणून भिलाईला आल्या. तो नोकरीत असतानाच आजारानं गेला, तेव्हा त्याच्या जागी खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून लागल्या. साडीवर खाकी कोट, पायांत सेफ्टीचे जाड बूट, डोक्यावर हेल्मेट. तिन्ही शिफ्टा करून एकुलता मुलगा नीलेश वाढवला, त्याला इंजिनिअर केलं. निवृत्त झाल्यावर सेक्टरमधलं क्वार्टर सोडून बोरसीत, आम्ही पुढं राहायला आलो त्या घराशेजारी, लागून दोन प्लॉट घेतले. एकावर दोन खोल्या बांधल्या, दुसरा मोकळा ठेवला. त्या मोकळ्या प्लॉटला त्या बाडी म्हणायच्या. छत्तीसगडात घरालगतच्या भाजीच्या तुकड्याला बाडीच म्हणतात.

बाडी म्हटलं की काळी भुसभुशीत जमीन डोळ्यांपुढे येईल. तशी ती नव्हती. खाली कधीकाळचं धानाचं शेत, पण प्लॉट पाडणाऱ्यांनी वर मुरूम टाकून रोलर फिरवलेला. सब्बल, म्हणजे पहार, मारली की ठिणगी उडायची. पहिली दोन वर्षं बाईंनी तिथून भाजीचं एक पान काढलं नाही, नुसती माती केली. सेक्टरांतल्या जुन्या झाडांखालचा पाला, डेअरीतलं शेण, रसवंतीवरची चिपाडं, देवळातली फुलं. स्कूटीवर पायापाशी एक पोतं, मागं दोन पोती आणि मधे बाई. वाटेत कुणी कौतुकानं हसलं तर त्यावरही चिडायच्या. “हसून काय राहिले? एक पोतं उचला.”

माझी ओळख झाली ती याच पाल्यावरून. आम्ही नवीन राहायला आलो होतो. होळीच्या आधीचे दिवस, दारातल्या करंजाची पानं सारखी गळत होती. मी झाडून ढीग केला आणि काडी लावली. पाच मिनिटांत एक बाई बादली घेऊन फाटकातून आत आल्या. विचारलं नाही, पुसलं नाही, बादली ढिगावर उपडी केली. राख माझ्या पँटवर उडाली.

“कावून जाळून राहिला?”

“कचरा आहे,” मी म्हणालो.

“कचरा! झाडानं सालभर पोटाले चिमटा काढून बनवला, अन् तू काडी लावून राहिला. उद्या पोळ्यांचा डबा जाळशील का असाच?”

मग त्यांनी ती ओली, अर्धी जळकी पानं हातांनी पोत्यात भरली. मी मदतीला वाकलो तर म्हणाल्या, “राहू दे. तुह्या हाताले जाळाची सवय आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकात लाल भाजीची जुडी अडकवलेली होती. माझी बायको स्मिता खूश झाली. मी मात्र वर्षभर झाडूला हात लावायला घाबरत होतो.

त्यांच्याकडे शिकायला लोक यायचे. गच्चीवर कुंड्या ठेवणारे, निवृत्त झालेले, अंगणाचा हातभर तुकडा असलेले. बाई शिकवायच्या म्हणजे खेकसायच्या. उघडी जमीन त्यांना बघवत नसे, कुणाच्या वाफ्यात ढेकूळ उघडं दिसलं की, “अंगावर कपडा टाक तिच्या!” म्हणजे पाला पसर. युरियाला त्या दारू म्हणायच्या. “पेते अन् नाचते. मंग पडते. मंग अजून मांगते.” शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि कुंपणाखालची मूठभर माती घालून जीवामृत करायच्या, त्याचा निळा ड्रम सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायच्या. त्याचं नेमकं प्रमाण कुणी वहीत लिहायला लागलं की वही बंद करायला लावायच्या. “वास घे. वास समजला की लिहाचं काम नाही.”

आणि त्यांचा सगळ्यात मोठा नियम प्लांटमधून आलेला होता. तिथं पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय कुणी ड्यूटी सोडत नाही. बाडीतही तसंच. मुळा उपटायच्या आधी त्याच्या बाजूला मेथी उगवलेली पाहिजे, मेथी संपायच्या आधी चवळी. एखाद्यानं अख्खा वाफा एकदम रिकामा केलेला दिसला की बाईंचा पारा चढायचा. “रिलीव्हर कुठं आहे? कोणाच्या भरोशावर सोडलं जमिनीले?” प्लांटमधून निवृत्त झालेले मोठे साहेब लोकही या प्रश्नापुढे मान खाली घालायचे.

एकदा मीच त्यांना सिव्हिक सेंटरच्या एका हॉलमध्ये घेऊन गेलो. लहान जागेतल्या नैसर्गिक शेतीचं प्रशिक्षण होतं. मला वाटलं, बाईंना आवडेल. पडद्यावर चित्रं दाखवत एक तरुण गृहस्थ गोड आवाजात बोलत होते आणि दर चौथ्या चित्रात एक बाटली येत होती. ही बाटली पाण्यात घाला, गांडुळं आपोआप येतील. तिसऱ्यांदा बाटली आली तशा बाई उभ्या राहिल्या.

“ये बोतल आने के पहले केंचुए क्या भूखे मर रहे थे?”

“माताजी, सवाल आख़िर में.”

“आख़िर तक तो तुम बोतल बेच के चले जाओगे!”

हॉलमध्ये हशा झाला. बाई हसल्या नाहीत. तरातरा बाहेर गेल्या. त्यांच्यामागं सात-आठ बायका उठल्या आणि बाहेर गुलमोहराखाली बाईंचा वर्ग भरला. आत एसीत बसून मी ती भाषणं शेवटपर्यंत ऐकली, कारण उठून जाण्याचा मला संकोच वाटला. हे मुद्दाम सांगतो आहे. पुढं जे झालं ते या संकोचातूनच झालं.

त्या वर्षी थंडीत गावाकडं त्यांचे भाऊ पडले, कंबरेचं हाड मोडलं. बाई आठ दिवसांसाठी गेल्या. बाडीची चावी माझ्या हातात देताना म्हणाल्या, “पाणी टाकजो. बाकी कायले हात लावू नको.” वाफ्यांत पालक, मेथी, लाल भाजी भरात होती, आणि वाफ्यांच्या मधल्या सगळ्या जागेत त्यांनी लाखोळी पेरली होती. लाखोळी जमिनीला खत देते, ओल धरते, तिच्या कोवळ्या शेंड्यांची भाजीही होते. नवख्या माणसाला मात्र ते गवत वाटतं.

शनिवारी नीलेश पुण्याहून आला. आईला न कळवता. त्याचा बेत ठरलेला होता: बाडीत मधोमध फरशीची पायवाट करायची, एक बाक ठेवायचा, म्हणजे आईला वाकावं लागणार नाही. “दादा, आईची कंबर पाहिली का तुम्ही? सरळ उभी राहत नाही ती. हे गवत एकदाचं मारून टाकतो.”

“काकूंना विचारलंस?” मी म्हणालो.

“सरप्राइज आहे.”

मी फाटक उघडलं. मुलाचं प्रेम बघून उघडलं असं म्हणता येईल, पण ते अर्धंच खरं आहे. मलाही ती बाडी स्वच्छ झालेली हवी होती. सापाची भीती वाटायची, डासांवरून स्मिता कुरकुरायची. बाईंना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. दुसरं कुणी परस्पर करतंय म्हटल्यावर बरंच वाटलं. पाठीवर पंप घेतलेला माणूस आला, त्यानं तासाभरात लाखोळीवर तणनाशक मारलं. वारा होता. “भाजी में नहीं मारा साहब, बस घास में,” असं तो म्हणाला आणि आम्हाला तेवढं पुरलं. संध्याकाळी नीलेश म्हणाला, “भाजी खूप झाली आहे, वाटून टाका. आईला आवडेल.” मी कापली. एक जुडी शेजारच्या वर्मा गुरुजींना, एक समोरच्या साहूंकडे, एक आमच्या घरात. साहूंची सून तीन आठवड्यांची बाळंतीण होती, बाई तिला रोज मेथी देत असत, म्हणून तिला जास्तीची मेथी. आणि रविवारी सकाळी एक भरलेली पिशवी मी स्वतः माझ्या बँकेच्या मॅनेजरसाहेबांच्या क्वार्टरवर पोचवून आलो. माझी बदली टळावी म्हणून दिलेला अर्ज त्यांच्या टेबलावर होता.

बाई रविवारी दुपारीच परतल्या. ऑटोतून उतरल्या त्या फाटकाबाहेरच थांबल्या, नाक वर केलं. हातातली पिशवी रस्त्यावरच ठेवली. लाखोळी एका रात्रीत भाजल्यासारखी तांबूस पडली होती. मला वाटलं, आता त्या तिच्यापाशी धावतील. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पालकाचे कापलेले देठ बघत होत्या.

“भाजी कोणं कापली?”

“मी.”

“दवाई मारल्यावर?”

मी होकारार्थी मान हलवली.

“कोणाकोणाले देली?”

मी सांगितलं. गुरुजी, साहू, आम्ही.

“सगळी घरं सांगतली?”

“हो,” मी म्हणालो.

बाई वळल्या आणि सरळ साहूंच्या स्वयंपाकघरात शिरल्या. मेथी कढईत होती. पदरानं कढई उचलली आणि मोरीत उलटी केली. सासू ओरडायला लागली, हा काय तमाशा, रीत सोडून घरात घुसून अन्न फेकता. बाईंना ते ऐकूच येत नव्हतं. त्यांनी सुनेचा दंड धरला. “बेटी, सच बोल. खाई क्या?”

“नहीं चाची. अभी तो बैठी भी नहीं थी.”

तेव्हा बाई तिथंच फरशीवर बसल्या. क्षणभरच. मग उठून गुरुजींकडे. गुरुजींनी खाल्ली होती. बाई अर्धा तास त्यांच्यासमोर बसल्या, घसा जळतो का, पोट दुखतं का विचारत राहिल्या, ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावून घेतला. तिथून आमच्या घरी. स्मितानं फ्रिजमधली जुडी काढून दिली आणि सहज म्हणाली, “आणि साहेबांकडची पिशवी?”

 बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही.

“कोणते साहेब?”

मी सांगितलं.

“चला,” त्या म्हणाल्या. “घर दाखवा.”

स्वतःच्या स्कूटीवर मागं बसवून त्यांनी मला सेक्टरमध्ये नेलं.  दार मॅनेजरांच्या पत्नीनं उघडलं. बाईंनी हात जोडले. मी त्यांना कुणापुढं हात जोडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“सवेरे जो भाजी आई, वो मेरी बाड़ी की थी. उस पर घास मारने की दवाई उड़ी है. बची हो तो फेंक दीजिए. खाई हो, और उलटी-चक्कर कुछ भी लगे, तो दवाखाने में यही बताना. गलती मेरी है.”

गलती मेरी है. मी त्यांच्या मागं दोन हात अंतरावर उभा होतो. त्यांनी ना माझं नाव घेतलं, ना नीलेशचं. आणि ते मी तरी सांगायला हवं होतं. मी पुढं होऊन बोललोच नाही.

तेवढ्यात साहेब बाहेर आले, ऐकून हसले. “अरे माताजी, बाज़ार की भाजी में तो ये रोज़ रहता है!”

बाईंचे जोडलेले हात सुटले. “तो बाज़ार पे चिल्लाओ! हँसते क्यों हो?”

परत आल्यावर माझ्या फाटकापाशी त्यांनी गाडी थांबवली. “फवारलं ते समजते मले. पोरगं येडं आहे, अन् चाबी मीनं देली. पन मी इचारल्यावर तुमी घर लपवलं. त्या घरात लेकरू असतं तं?”

तोवर मी त्यांच्यासाठी ‘तू’ होतो. त्या दिवशी ‘तुमी’ झालो आणि त्या जाईपर्यंत ‘तुमी’च राहिलो. बोलायच्या, वाटी-पातेलं यायचं-जायचं, पण तो शब्द परत बदलला नाही. माझी बदली टळली, हेही इथं लिहून ठेवतो.

नीलेशबरोबरचं भांडण सगळ्या गल्लीनं ऐकलं. तो रडवेला होऊन सांगत होता, “आई, तुझी कंबर बघवत नाही म्हणून केलं.”

“माही कंबर माही आहे! इथं सात सालाची माती आहे. एका घंट्यात मारली. मले इचारलं का? एक फोन केला का?”

त्यांनी त्याला जेवायला वाढलं, शेजारी बसल्या, आणि तो जाईपर्यंत बोलल्या नाहीत. तो आणून ठेवलेल्या फरशा परत करून गेला. वाईट मुलगा नव्हता तो. म्हणूनच मला या सगळ्याचा जास्त राग येतो. वाईट माणूस शोधला तर सापडत नाही, आणि मेथी मात्र बाळंतिणीच्या कढईत पोचलेली असते.

कुणाला काही झालं नाही. गुरुजी ठणठणीत राहिले, साहेबांना ढेकरही आली नसेल. मग कॉलनीला तोंड फुटलं. बाईंनी उगाच आकांडतांडव केलं, साहूंच्या घरात घुसल्या, सगळ्यांना घाबरवलं. कमिटीचे दोघं समजवायला आले. “काकू, आखिर हुआ क्या किसी को?”

“नहीं हुआ तो सही हो गया क्या?” बाई म्हणाल्या आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी बाडीवर पाटी लागली: ‘यहाँ की भाजी न तोड़ें. ज़हर पड़ा है.’ कॉलनीची शोभा जाते म्हणून ती काढायला सांगितली गेली. त्यांनी काढली नाही. बाईंनी एक अख्खं वर्ष बाडीतलं पान खाल्लं नाही, कुणाला खाऊ दिलं नाही. जळलेली लाखोळी वेगळी काढून कोपऱ्यात टाकली, खतात घातली नाही. पावसाळ्यात ताग पेरला, फुलावर येताच मातीत गाडला. ड्रम ढवळला, पाला आणला, परत पोती, परत स्कूटी. मी दोन-तीनदा पोतं घेऊन गेलो. “ठेवा तिथं,” एवढंच म्हणाल्या.

वर्षानं त्यांनी बाडीत दहा ठिकाणी खोदलं. नऊ ठिकाणी गांडुळं सापडली. कुंपणालगतच्या एका पट्ट्यात एकही नव्हतं. तो पट्टा त्यांनी आणखी एक हंगाम तसाच तागाखाली ठेवला. बाकी ठिकाणी पालक लावला, आणि पहिले पंधरा दिवस तो फक्त स्वतः खाल्ला. मग पाटी उतरवली. साहूंकडची सासू तेव्हाही तोंड फिरवून जात होती. सून मात्र मुलाला कडेवर घेऊन कुंपणापाशी आली आणि म्हणाली, “चाची, मेथी है क्या?” बाईंनी तिला मेथी दिली आणि मुलाच्या पायांत चप्पल नाही म्हणून झापलं.

त्यांचा राग शेवटचा पाहिला तो गेल्या पावसाळ्यानंतर. त्यांचे गुडघे पार गेले होते, बाडीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडायच्या. एका सकाळी गल्लीत आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी बाहेर आलो. नालीकाठचं गवत मारायला कुणा ठेकेदाराचा माणूस आला होता. चाळिशीचा, काटकुळा, पाठीवर टाकी. बाईंनी आपली खुर्ची ओढत नेऊन गल्लीच्या मधोमध ठेवली होती आणि त्यात बसल्या होत्या.

“हट ना दाई, ठेकेदार खिसियाही,” तो छत्तीसगढीत विनवत होता: बाजूला हो आई, ठेकेदार रागावेल.

बाई काहीतरी कडक बोलणार होत्या. तोंड उघडलंही होतं. पण त्यांची नजर त्याच्या पाठीवर गेली. टाकी गळत होती, शर्ट कंबरेपर्यंत भिजून अंगाला चिकटला होता.

“दस्ताने कहाँ हैं तेरे?”

“नइ दे हे, दाई.”

“और मुँह पे बाँधने का?”

त्यानं गळ्यातला गमछा दाखवला.

बाई उठल्या. उठायला त्यांना बराच वेळ लागला. त्याच्या पाठीवरची टाकी त्यांनी उतरवायला लावली, त्याला खांदा धरून आपल्या खुर्चीत बसवलं आणि शर्ट काढ म्हणाल्या. “प्लांट में बिना दस्ताने गेट के अंदर पाँव नहीं रखने देते थे मेरे को!” मग त्याचाच फोन घेऊन त्याला ठेकेदाराचा नंबर लावायला लावला. तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

“पाहून काय राहिले? साबन आना!”

मी आत पळालो. साबण आणि पाणी घेऊन बाहेर आलो तेव्हा तो माणूस उघड्या अंगानं खुर्चीत अवघडून बसला होता. बाई कंपाउंडची भिंत धरून उभ्या होत्या, आणि फोनमध्ये ओरडत होत्या, “नाम बता उसका! तेरा ज़हर पीठ पे ढोता है वो, और तेरे को नाम नहीं मालूम?”